सहाशे फेरे

पाच वर्षे तो ग्रह माझा होता. ‘माझा’ हा शब्द आमच्या शास्त्रात वापरू नये, असे शिकवतात. पण फारसे न बोलणाऱ्या माणसाला काही शब्द स्वतःपुरते वापरण्याची मुभा असावी, असे मला वाटते.

२०३३ सालच्या फेब्रुवारीत, मी एकोणीस वर्षांचा असताना, तो मला सापडला. मोठ्या सर्वेक्षण-दुर्बिणी तेव्हा दर तीन रात्रींना सगळे आकाश टिपून काढत आणि संगणक त्या चित्रांतले सरकते ठिपके एकमेकांना जोडून लहान ग्रहांच्या कक्षा काढत. जे ठिपके कोणत्याही नेहमीच्या कक्षेत बसत नसत, ते एका वेगळ्या यादीत टाकून दिले जात. माझ्यासारखे विद्यार्थी ती टाकाऊ यादी चाळत बसत. त्यातले चार ठिपके मला एकाच वाटेवरचे वाटले. गणित मांडले, तेव्हा एक लांबट, ताणलेली कक्षा निघाली. मंगळाच्या कक्षेजवळून निघून युरेनसच्याही पलीकडे जाणारा, सहा किलोमीटर लांबीचा, कोळशासारखा काळा एक दगड सत्तावन्न वर्षांत सूर्याभोवती एक फेरी पुरी करत होता. मला दिसला तेव्हा तो परतीच्या वाटेला लागला होता. पुन्हा येईल, तेव्हा मी शहात्तर वर्षांचा असेन.

लहान ग्रहाला नाव मिळते ते फार सावकाश. आधी त्याला साल-महिन्याचे एक तात्पुरते चिन्ह मिळते. वर्षानुवर्षे वेध घेऊन कक्षा पक्की झाली, की क्रमांक मिळतो. त्यानंतरच शोध लावणाऱ्याला नाव सुचवण्याचा हक्क येतो, आणि जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांची एक समिती ते नाव मंजूर करते. नाव रोमन लिपीत सोळा अक्षरांहून मोठे नको. व्यापारी नाव नको. पुढाऱ्याचे किंवा सेनानीचे नाव द्यायचे, तर त्याच्या मृत्यूला शंभर वर्षे झालेली असावीत. आधीच्या एखाद्या नावाशी सारखे नको. स्वतःचे नाव कुणी सुचवत नाही. तसा शिष्टाचार आहे. आणि नावासोबत एक टीप जोडावी लागते: हा मान या व्यक्तीला का? एकदा प्रसिद्ध झालेले नाव पुन्हा काढून घेता येत नाही.

मी ती टीप चार वर्षे लिहीत होतो. क्रमांक मिळण्यापूर्वीपासूनच. माझ्या ग्रहाचे नाव ‘ऋजुता’ असणार होते.

ऋजुता शेडगे आणि मी साताऱ्याच्या काचपट अभिलेखागारात एकाच खोलीत काम करत होतो. महाविद्यालयातही ती माझ्याच वर्गात होती. गेल्या शतकात दुर्बिणीतून छायाचित्रे काचेच्या प्लेटांवर घेत; बंद पडलेल्या वेधशाळांतल्या अशा चाळीस हजार प्लेटा आमच्याकडे येऊन पडल्या होत्या. ऋजुता त्या स्वच्छ करून स्कॅनरखाली ठेवी, मी त्यांच्या नोंदवह्या वाची. एवढ्या काळात आम्ही खोलीतल्या दमटपणाबद्दल, प्लेटा पुसण्याच्या कापसाच्या प्रतीबद्दल आणि डब्यातल्या भाजीबद्दल बोललो होतो. बाकीचे सगळे मी त्या टिपेत लिहीत होतो आणि खोडत होतो. प्रेम हे समितीला चालणारे कारण नव्हे. मला तिचे कर्तृत्व लिहायचे होते, आणि ते वाचून उरलेले तिला कळावे, अशी माझी भाबडी योजना होती.

२०३८ च्या ऑगस्टमध्ये ग्रहाला क्रमांक मिळाला. सप्टेंबरमध्ये तो माझ्या हातून निसटू लागला.

त्याला कारण ‘मागोवा’. ही आज्ञावली ग्रहाची आजची कक्षा घेऊन काळात मागे चालत जाई, गुरू-शनीच्या ओढाताणीचा हिशेब धरून तो ग्रह अमुक साली अमुक रात्री आकाशात नेमका कुठे होता ते काढी, आणि त्या रात्रीची त्या भागाची जुनी प्लेट कुठे आहे ते सांगे. मग त्या जागी नजर टाकायची. दोनच वर्षांत जगभरातल्या पावणेतीन हजार ग्रहांचा शोध त्यामुळे कुणा जुन्या निरीक्षकाच्या नावावर गेला होता. मात्र समितीची एक अट होती. प्लेटवर नुसती खूण उमटलेली पुरेशी नव्हती. तेव्हाच्या निरीक्षकाने ती पाहिली होती आणि तिची नोंद केली होती, असे दाखवावे लागे. पाहिले आणि लिहिले, तरच शोध.

“कैवल्य,” ऋजुता स्कॅनरपाशी बसल्या बसल्या म्हणाली, “तुझा दगड माझ्या काचेवर आलाय.”

मी उठून गेलो. मोरदरी वेधशाळा, प्लेट क्रमांक चारशे बारा, २७ फेब्रुवारी १९७६. खानापूर तालुक्यातल्या एका पठारावर कुण्या महाविद्यालयाने बांधलेली ही छोटी वेधशाळा पंधरा वर्षे चालून बंद पडली होती. पडद्यावर शेकडो तारे होते, टोकदार टाचणीने टोचल्यासारखे गोल. आणि उजव्या कोपऱ्यात अर्ध्या मिलिमीटरची एक बारीक तिरपी रेघ.

“तारे गोल आणि हा लांबट,” ती म्हणाली. “म्हणजे चाळीस मिनिटांत एवढा सरकला. त्या साली पृथ्वीच्या बऱ्याच जवळून गेला असणार. आणि या रेघेभोवती कुणीतरी शाईने गोल काढलाय बघ. नोंदवही काढ. मी तोवर जेवून येते. आज भरली ढोबळी आहे. तुला ठेवू की संपवू?”

“संपव,” मी म्हणालो.

नोंदवहीचे ते पान मी एकट्याने पाहिले. निळ्या शाईत, ठसठशीत, मुलींच्या शाळेत घोटून घेतलेले असावे तसे अक्षर. ‘प्लेट ४१२. ४० मि. मोटार बंद, वीज नाही. हाताने फिरवले. उजव्या कोपऱ्यात ओरखडा.’ खाली सही: कु. हौसा निकम, प्रयोगशाळा सहायक.

ओरखडा. म्हणजे तिने रेघ पाहिली होती, पण ग्रह म्हणून नव्हे. काचेवरचा ओरखडा म्हणून. माझ्या मनावरचा भार उतरला. मग सवयीने मी ते पान तिरप्या उजेडाच्या स्कॅनरखाली सरकवले. हा स्कॅनर बारा बाजूंनी एकेक दिवा लावून कागदावरचे दाब वाचतो. शाई पुसली गेली तरी टोकाने पाडलेली चर कागदात राहते. ‘ओरखडा’ या शब्दाखाली, पूर्वी पेन्सिलीने लिहून खोडरबराने पुसलेली एक ओळ पडद्यावर हळूहळू वर आली.

‘ओरखडा नसावा. उद्या पुन्हा पाहावे.’

मी दिवे बंद केले. ती ओळ पुन्हा कागदात बुडाली. खोलीत फक्त दमटपणा मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक होती. स्कॅनरची प्रतिमा मी जतन केली नव्हती. पान होते तसे वहीत मिटले, तर ते पुन्हा कुणी उघडण्याचे कारण नव्हते.

ऋजुता हात पुसत आली. “काय लिहिलंय?”

“ओरखडा,” मी म्हणालो. ते खोटे नव्हते.

“अरे वा. म्हणजे तुझा तुलाच राहिला. पेढे?”

“बघू,” मी म्हणालो.

पुढचे दोन दिवस मी टीप पुरी करायला बसलो. आता घाई करायला हवी होती. मी लिहिले: ‘काचपट-संवर्धक. हिच्या नजरेतून पुसलेली गोष्टही सुटत नाही.’ हे वाक्य चार वर्षांत मला सापडलेले सर्वांत खरे वाक्य होते. मी ते पुन्हा पुन्हा वाचले, आणि प्रत्येक वेळी मला त्या दिवशी बंद केलेले बारा दिवे आठवले. पुसलेली एक ओळ मी स्वतः लपवून ठेवली होती, आणि त्यावर या मुलीचे नाव कायमचे लिहिणार होतो. ते नाव सुंदर दिसले असते. फक्त ते तिचे राहिले नसते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आल्या आल्या मी नोंदवही तिच्यासमोर ठेवली आणि स्कॅनरचे दिवे एकामागून एक लावले. ती वाकून पाहत राहिली.

“हे तुला कधी दिसलं?”

“मंगळवारी.”

“आज शुक्रवार.”

“हो.”

तिने माझ्याकडे पाहिले. तिला राग आला असता तर मला सोपे गेले असते. ती म्हणाली, “तीन दिवस डबा अर्धा परत नेत होतास, तेव्हाच मला वाटलं होतं काहीतरी आहे. मला वाटलं, पोट बिघडलं.”

समितीने तीन आठवडे विचार केला. पुसलेली नोंद ही नोंद मानावी काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे पहिल्यांदाच आला होता. उत्तर कोरडे आणि स्पष्ट आले: पुसण्यासाठी ती आधी लिहिलेली असणे आवश्यक आहे. शोध हौसा निकम यांचा. त्या किंवा त्यांचे वारस सहा महिन्यांत सापडले नाहीत, तर नावाचा हक्क दुसऱ्या क्रमांकाच्या शोधकाकडे, म्हणजे माझ्याकडे परत येईल. त्यांना शोधण्याचे काम अभिलेखागाराचे, म्हणजे तेही माझेच.

मी प्रामाणिकपणे शोधले. फक्त घाईने नव्हे. मतदारयाद्या, शाळांची दाखले-पुस्तके, निवृत्तिवेतनाचे तक्ते, सगळे आता संगणकाला वाचता येते. मी ‘हौसा’ या नावापुढे त्या भागातली तीनशे आडनावे लावून पाहिली. बाईचे आडनाव लग्नात बदलते, एवढे मला कळत होते. १९७६ च्या मेनंतर हौसा निकम कुठेच नव्हती. डिसेंबर उजाडला.

“तू आडनावं बदलत बसलायस,” ऋजुता एका दुपारी माझ्या मागे उभी राहून म्हणाली. “नाव कोण बदलणार?”

“नाव कशाला बदलेल?”

“अरे, तुझ्या आजीचं माहेरचं नाव काय?”

मला ते ठाऊक नव्हते. मी तिला पंचवीस वर्षे एका नावाने ओळखत होतो, आणि त्याआधी तिला दुसरे नाव असू शकते हे माझ्या कधी डोक्यातच आले नव्हते. त्या संध्याकाळी मी आईला विचारले. आई म्हणाली, “द्रौपदी होतं. तुला कुणी सांगितलं नाही?”

मग आम्ही यंत्राला बाजूला ठेवले आणि मोरदरी वेधशाळा बांधणाऱ्या महाविद्यालयाची जुनी आवक-पत्रे हाताने चाळली. १९८१ सालचे एक आंतरदेशीय पत्र मिळाले, कोइमतूरहून आलेले. पदवी प्रमाणपत्राची प्रत मागणारे. अक्षर तेच, ठसठशीत. ‘लग्नापूर्वीची हौसा बाबू निकम, बी.एस्सी. १९७५, हल्ली सौ. सुनंदा वसंत साळुंखे.’

विट्याच्या साळुंख्यांचा सोने-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा धंदा होता. त्या भागातली शेकडो कुटुंबे या धंद्यापायी देशभर पसरली आहेत. हे कोइमतूरला गेले होते. म्हातारपणी नवराबायको विट्याला परतली होती. आता नवरा नव्हता, सुनंदाबाई होत्या. वय त्र्याऐंशी.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही दोघे साताऱ्याहून विट्याच्या एसटीत बसलो. माझ्या मांडीवर प्लेट चारशे बाराची मोठी छापील प्रत होती. हक्क माझ्याकडे परत यायला तीनच महिने उरले होते, आणि मी तो स्वतःच्या हाताने पोचवायला निघालो होतो. आश्चर्य म्हणजे, मला फारसे वाईट वाटत नव्हते. ऋजुता खिडकीशी बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती आणि दर चौथा दाणा मला देत होती.

आजी ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. अंगाने किरकोळ, डोळ्यांना जाड चष्मा, आवाज मात्र पोलादी.

“या. फोनवर म्हणालासा ते मला निम्मं कळलं. हौसा म्हणून इचारलं तवा सून ‘राँग नंबर’ म्हणून ठेवणार होती. मी म्हणलं थांब, ती मीच.”

“नाव का बदललं, आजी?” ऋजुताने विचारले.

“सासूचं नाव हौसाच. घरात दोन हौसा चालत न्हाईत म्हणाले.”

“आमच्या समितीतही चालत नाहीत. दोन ग्रहांची सारखी नावं,” मी म्हणालो.

“व्हय का?” आजी हसल्या. “मग तुमची समिती म्हंजे सासरच म्हणायचं. लग्नात ताटातल्या तांदळावर यांनी अंगठीनं नाव लिहिलं. मी वाकून वाचलं, तवा मला कळलं मी कोण ते.”

मी छापील प्रत त्यांच्यासमोर पसरली. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, भिंग मागितले, आणि उजव्या कोपऱ्यावर इतका वेळ वाकून राहिल्या, की सून पाण्याचे तांब्या-भांडे घेऊन आली आणि तशीच थांबली.

“म्हंजे ओरखडा न्हवताच,” त्या अखेर म्हणाल्या.

“नव्हता. खाली तुम्ही लिहिलं होतं तसं. ते कुणी पुसलं? वेधशाळेच्या सरांनी?”

“सरांवर कशाला घालायचं? ते ओरखडा म्हणाले, एवढंच. पुसलं मीच. दुसऱ्या दिवशी ढग, तिसऱ्या दिवशी ढग, चौथ्या दिवशी वडील आले न्यायला. पाव्हणे बघायला येणार होते. निघताना वही बघितली. ‘उद्या पुन्हा पाहावे.’ उद्या बघणार कोण? आपण बघणार न्हाई तो प्रश्न दुसऱ्याच्या माथी कशाला ठेवायचा, म्हणलं. घेतलं रबर.” त्यांनी प्रतीवरून हळूच हात फिरवला. “पर कागदानं ठेवलाच की.”

मग त्यांनी विचारले, “ह्यो आधी कुणाचा होता?”

“याचा,” ऋजुताने माझ्याकडे बोट केले. “यानेच शोधला, आणि यानेच तुमची ओळ बाहेर काढून घालवला.” ती उठली. “काकू, चहा मी टाकते, तुम्ही बसा.” सून अर्थातच बसली नाही, दोघी आत गेल्या.

आजींनी खुर्ची थोडी माझ्याकडे वळवली. “तू काय नाव ठेवणार होतास रे?”

माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली असावी.

“हां,” आजी म्हणाल्या. “तिला ठाऊक हाय?”

मी नकारार्थी मान हलवली.

“मग त्यात काय एवढं. पोरगी गुणाची दिसतीया. तिचंच ठेवूया. माझं मला ठेवता येत न्हाई, फोनवर म्हणालास, आन् आलं तरी दोनांतलं कंचं द्यायचं ह्यो घोळ. आण कागद. सही कुठं करू?”

कागद माझ्या पिशवीत होता. सहीची जागाही मी पेन्सिलीने दाखवून ठेवली होती. ही लबाडी नव्हती, चोरी नव्हती. शोधकर्तीची राजीखुशी होती. आतून कपबश्यांचा आवाज येत होता. चार वर्षे खोडलेली टीप सरळ उभी राहू शकत होती.

पण एक गोष्ट मला सप्टेंबरपासून टोचत होती, आणि ती विचारण्याजोगे जगात एकच माणूस होते.

“आजी,” मी म्हणालो, “वहीत लिहिलंय, वीज नाही, हाताने फिरवले. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. त्यांच्यामागे दुर्बीण मोटारीने फिरवावी लागते. हँडल हाताने चाळीस मिनिटं फिरवलं, तर कुठेतरी हात चुकतोच. तारे फरफटतात. या प्लेटवरचा प्रत्येक तारा गोल आहे. मोटार असलेल्या रात्रींच्या प्लेटांपेक्षाही गोल. ते फरफटले असते, तर या रेघेला कुणी ओळखलंच नसतं. तुमचा डोळा तर मार्गदर्शक ताऱ्यावर होता. मग हँडलवर कोण होतं?”

आजींचा हात हवेतच राहिला. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

“हे मला त्रेसष्ट वर्षांत कुणी इचारलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “मीबी सोताला इचारलं न्हाई बघ.”

ऋजुता चहा घेऊन आली ती उंबऱ्यावरच थांबली.

“ठकूबाई,” आजी म्हणाल्या. “ठकूबाई मदने. वेधशाळेची झाडलोट करायच्या. पन्नाशीच्या असतील. मोटार बंद पडली, प्लेट तर लावलेली, ती वाया जाणार. मी हँडल धरलं. दर चार सेकंदाला एक फेरा द्यायचा. माझा तारा लगीच भिंगातल्या फुलीवरनं घसरला. ठकूबाई दाराशी बसलेल्या. म्हणाल्या, ‘बाई, तुमचा हात वढतोय. सरा तिकडं.’ गावातल्या चार घरचं दळण त्यांच्याकडं असायचं. जात्याचा हात. म्हणल्या, किती जोरात पायजे ते एकदा दावा. मी घड्याळ धरून धा फेरे दावले. मग त्यांनी बारीक आवाजात ओवी धरली. दळताना म्हणत्यात त्यापेक्षा निम्म्या चालीनं. ओळीला एक फेरा. माझा डोळा दुर्बिणीला. तारा फुलीवर जो बसला तो उठला न्हाई. चाळीस मिनिटं.”

“सहाशे फेरे,” मी म्हणालो.

“व्हय, सहाशे. संपलं तवा म्हणल्या, ‘कुणाचं दळण होतं ह्ये?’ मी म्हणलं, आभाळाचं. तर म्हणल्या, ‘आन् पीठ कुठाय?’” आजी हसल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज जरा खाली गेला. “दुसऱ्या दिवशी प्लेट धुतली. उजेडाला धरून दावली त्यांना. ह्ये बघा पीठ, म्हणलं. लई येळ बघितलं त्यांनी. म्हणल्या, ‘बारीक पडलंय.’”

ऋजुताच्या हातातला चहा निवत होता.

“नव्वद सालच्या सुमाराला गेल्या म्हणून माहेरी कळलं. फोटो न्हाई काय न्हाई. वहीत मी ‘हाताने’ लिहिलं. कुणाच्या, ते लिहिलं न्हाई.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “आता दुसरं कुणाचं नाव कसं ठेवू मी?”

“ठेवू नका,” मी म्हणालो, आणि पिशवीतून कागद काढला.

सही त्यांनी दोनदा केली. एकाखाली एक, दोन नावांनी. निघताना ऋजुता चपला घालायला पुढे गेली, तेव्हा आजींनी माझे मनगट धरले. “पोरीला काय सांगायचं ते तोंडानं सांग. सत्तावन्न वर्षांनी परत येणाऱ्या दगडाकडं निरोप ठेवायचा नसतो.”

परतीच्या एसटीत ऊन तिरपे आत येत होते. मी मांडीवर वही ठेवून टीप लिहीत होतो. ही टीप मी खोडली नाही.

‘ठकूबाई मदने, मोरदरी वेधशाळेच्या सफाई कर्मचारी. २७ फेब्रुवारी १९७६ रोजी वीज नसताना त्यांनी चाळीस मिनिटे दुर्बीण हाताने फिरवली. त्यांच्या हातामुळे तारे स्थिर राहिले, म्हणून हा ग्रह हलताना दिसला. शोध आणि नावाची सूचना: सुनंदा वसंत साळुंखे, पूर्वीच्या हौसा बाबू निकम.’

ऋजुताने ती वाचली आणि वही परत दिली. “छान झालंय. मीही यातला एक शब्द बदलणार नाही.” मग खिडकीबाहेर पाहत, “तू काय ठेवणार होतास, ते मला कधी सांगितलं नाहीस.”

बस कुठल्याशा फाट्यावर थांबली. दोन बायका पाट्या घेऊन चढल्या, कंडक्टर त्यांच्याशी हुज्जत घालू लागला. या गोंगाटात न बोलण्याला पुरेसे निमित्त होते.

“तुझं,” मी म्हणालो.

तिने मान वळवली नाही. “सोळा अक्षरांत बसलं असतं?”

“बसलं असतं. उरलीही असती.”

“आणि टिपेत काय लिहिलं होतंस?”

“चार वर्षं लिहीत होतो. पाठ आहे.”

“मग म्हण.”

मी म्हटली. कंडक्टरच्या आवाजात काही शब्द बुडाले असतील. ते मी पुन्हा म्हटले. पुसलेल्या गोष्टींचे वाक्य आले, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “ती ओळ तू दाखवायच्या तीन दिवस आधीच मला दिसली होती, बावळटा. तू दिवे बंद केलेस, तेव्हा मी हात पुसत दाराशीच होते. म्हटलं, बघू कधी सांगतोस.”

मला काय वाटले, ते मी नीट सांगू शकणार नाही. तो ग्रह त्या घटकेला शनीच्याही पलीकडे पोचत असेल. एका बाईचे नाव आता त्याच्यासोबत जाईल, आणि २०९० मध्ये ते परत येईल. मला त्याची वाट पाहण्याचे आता काही कारण उरले नव्हते.

“दर चार सेकंदाला एक फेरा, ना?” ऋजुता म्हणाली. तिने माझा हात उलटा करून आपल्या मांडीवर घेतला, आणि माझ्या तळव्यावर एका बोटाने, फार सावकाश, गोल फिरवू लागली. बस रहिमतपूरकडे वळली. सहाशेपर्यंत कुणी मोजले नाही.